छंद आणि खोड

मराठी आत्मचरित्रांतून आणि सत्कारसमारंभांतील भाषणांतून एक कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तिचा साचा आता सर्वांना तोंडपाठ झाला आहे. लहानपणी कशाचे तरी वेड असते. घरचे त्याकडे काणाडोळा करतात. पुढे महाविद्यालयात एखादे सर भेटतात किंवा एखादे पुस्तक हाती पडते, आणि एका क्षणात ‘हेच आपले क्षेत्र’ असा साक्षात्कार होतो. या कथेत खोटे असे काही नसते, पण ती फार गुळगुळीत असते. जुन्या पोथ्यांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांना गुळगुळीत मजकुराचा थोडा संशय येतो. मूळ लेखक क्वचितच इतके सरळ लिहितो. मजकूर गुळगुळीत होतो तो नकला करणाऱ्यांच्या हातून. आपल्या पूर्वायुष्याचे नकलनवीस आपणच असल्यामुळे हा संशय स्वतःच्या कथेवरही घेऊन पाहावा, असे मनात आले. त्यातून हे टिपण झाले.

आमच्या शाळेच्या नोंदवहीत ‘छंद’ असा एक रकाना असे. त्यात वर्गशिक्षक आमच्या नावापुढे ‘चित्रकला, वक्तृत्व, तिकिटे जमवणे’ असे लिहीत. नोंद निराधार नव्हती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा आम्ही दिल्या होत्या. टिळक पुण्यतिथीच्या भाषणाचा पेला दोनदा घरी आणला होता. तिकिटांच्या वहीत मग्यार, हेल्वेशिया अशी अनोळखी नावे डिंकाने चिकटवलेली होती. पाहुणे आले की हे सारे बाहेर काढले जाई. या तिन्ही छंदांना घरात मान होता, वेळ होता आणि ट्रंकेत जागा होती. यांतला एकही आमच्याबरोबर पुढे आला नाही, आणि त्याबद्दल आम्हाला कधी हळहळही वाटली नाही.

जी गोष्ट पुढे आली, तिची नोंद कोणत्याही रकान्यात नव्हती. घरात तिला ‘खोड’ म्हणत.

आम्ही राहत होतो त्या वाड्यात चार बिऱ्हाडे होती. भाद्रपदात चारही घरच्या आरत्या पाठोपाठ होत, आणि प्रसादाच्या निमित्ताने आम्ही चारही ठिकाणी हजर असू. एका वर्षी असे ध्यानात आले, की गणपतीच्या त्याच आरतीत एका घरी ‘संकटी’ म्हणतात तर दुसऱ्या घरी ‘संकष्टी’. एका घरी ‘उटी’, तर भिंतीपलीकडे ‘ओटी’. मग आम्ही एका शंभरपानी वहीत उभ्या रेघा मारून चार रकाने पाडले, प्रत्येकावर बिऱ्हाडाचे नाव घातले, आणि कोण काय म्हणतो ते लिहून काढू लागलो. आरती चालू असताना हातात पेन्सिल घेऊन उभे राहण्याबद्दल आजी संतापली. ‘देवाला भाव कळतो. शब्द तपासायला देव काय शाळातपासनीस आहे?’ असे ती म्हणाली. तिच्या जात्यावरच्या ओव्यांचीही आम्ही अशीच पाठ धरली होती. काल ही ओवी वेगळी म्हटली होतीस, असे एकदा सांगितले, तेव्हा तिने हात न थांबवता उत्तर दिले, ‘काल दळण वेगळे होते.’ मौखिक परंपरेत मूळ संहिता कोणती, या प्रश्नावर पुढे आम्ही बरेच वाचले. त्या वाचनात आजीच्या या वाक्याची आठवण वारंवार होत राहिली.

खोडीची दुसरी जागा म्हणजे पाठ्यपुस्तक. एका प्रसिद्ध आत्मचरित्रातला उतारा आम्हाला धडा म्हणून होता. मूळ पुस्तक गावच्या वाचनालयात मिळाले. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना दिसले, की धड्यातून मधलाच परिच्छेद गाळलेला आहे, आणि गाळल्याची खूणही ठेवलेली नाही. पुस्तकात छापलेले ते सगळे, ही समजूत त्या दुपारी कायमची गेली. वर्गात याविषयी विचारले तेव्हा ‘परीक्षेला तेवढेच आहे’ असे उत्तर मिळाले.

ही खोड आली कुठून, हे सांगायचे तर वडिलांविषयी सांगावे लागेल.

वडील तालुक्याच्या कचेरीत नकलनवीस होते. पक्षकाराने अर्ज करावा, शुल्क भरावे, आणि दप्तरातील मूळ कागद समोर ठेवून वडिलांनी त्याची अक्षरशः नक्कल करावी, असे ते काम. नक्कल झाली की रुजवात. म्हणजे एकाने मूळ वाचायचे आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवायचे. दोन्ही तंतोतंत जुळल्यावर खाली नक्कल करणाराची सही, रुजवात घेणाराची सही, आणि मग ‘खरी नक्कल’ हा शिक्का. काम तुंबले की वडील सुट्टीच्या दिवशीही कचेरीत जात आणि आम्हाला सोबत नेत. ते वाचत, आमचे बोट ओळीवरून सरके. अधिकृत रुजवात अर्थातच दुसऱ्या दिवशी कचेरीतले सहकारी घेत. पण थांबायचे कुठे, पुन्हा वाचायला केव्हा सांगायचे, आणि डोळा ओळ कशी चुकवतो, हे सारे आम्ही त्या रविवारांत शिकलो. एकच शब्द दोन ओळींच्या आरंभी आला, की नकलनवीसाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधली ओळ गळते. ‘शब्द सारखा दिसला की सावध व्हायचे,’ असे वडील सांगत.

जुने कागद मोडीत असत. वडिलांच्या पिढीला शाळेत मोडी होती. आमच्या वेळी ती गेलेली होती. त्यांनी आम्हाला ती घरी शिकवली, काहीशी गंमत म्हणून आणि काहीशी रुजवातीची सोय म्हणून. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, म्हणून ‘दिन’ की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’, हे संदर्भानेच ठरवावे लागते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागे ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारे एक अक्षर होते, ही कथा मराठी घरोघर सांगतात. तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. पण नकलनवीसाच्या घरात ती भुताच्या गोष्टीसारखी ऐकली जाई.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल, की वडिलांनी हाताला धरून आम्हाला या वाटेवर आणले. वस्तुस्थिती उलट होती. वडिलांना आपल्या कामाचा मनापासून कंटाळा होता. ‘तीस वर्षांत या हाताने हजारो पाने लिहिली, त्यातले एक अक्षर माझे नाही,’ असे ते कधी कधी म्हणत. मुलांनी या चक्रातून सुटावे, स्वतःचे काही करावे, ही त्यांची एकच इच्छा. स्वतःचे काही म्हणजे, त्या काळच्या समजुतीप्रमाणे, विज्ञान शाखा आणि जमल्यास अभियांत्रिकी. दहावीला गुण बरे पडले आणि आम्ही विज्ञान शाखेत गेलो. त्या निर्णयात सक्तीचा भाग फार नव्हता. वडिलांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे दिसले, त्याला नकार देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

आत्मकथेच्या रूढ साच्यानुसार इथे ‘विज्ञानात मन रमेना’ असे वाक्य यायला हवे. ते लिहिले तर मजकूर सोपा होईल, पण खरा राहणार नाही. प्रयोगशाळेत आमचे मन चांगले रमले. व्हर्निअर कॅलिपर, साधा लोलक, लघुतम माप, एकाच राशीची दहा वाचने आणि त्यांची सरासरी. यात एक ओळखीची चव होती. जर्नलविषयी तिथे एक नियम होता. चुकलेले वाटणारे वाचन खोडरबराने पुसायचे नाही. त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. कदाचित तोच बरोबर असेल. पुढे संहितेच्या संपादनात नाकारलेला पाठही तळटीपेत जपून का ठेवायचा, हे आम्हाला कोणी वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

विज्ञानाच्या वर्गांनाही मराठीचा तास असे. बाकावरची मुले त्या तासाला गणिते सोडवत. एके दिवशी मराठीच्या सरांनी ज्ञानेश्वरीतली एक ओवी फळ्यावर लिहिली, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ ओढली, आणि शेजारी दोन वेगळ्या प्रतींतली त्याच शब्दाची दोन निराळी रूपे लिहिली. मग शांतपणे विचारले, ‘यांतले ज्ञानेश्वरांचे कोणते?’ वर्गातून उत्तर आले, ज्याचा अर्थ लागतो ते. सर म्हणाले, की ज्याचा अर्थ चटकन लागतो त्याविषयीच आधी शंका घ्यावी. नकलाकार अवघड शब्दाचा सोपा करतो. सोप्याचा अवघड करण्याचे त्याला काही कारण नसते. म्हणून इतर पुरावा समान असेल, तर कठीण पाठ अधिक जुना धरावा. नंतर त्यांनी एकनाथांविषयी सांगितले. शके १५०६ म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून त्यांतले अशुद्ध पाठ दूर केले, आणि या ग्रंथात पदरची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय, असा इशारा दिला.

त्या तासाला वीज वगैरे काही चमकली नाही. आम्हाला जे वाटले, त्याला नवल म्हणता येईल. घरात ज्याबद्दल बोलणी खाल्ली त्या गोष्टीला नाव आहे, ‘पाठचिकित्सा’. तिला नियम आहेत. आणि चारशे वर्षांपूर्वी पैठणला बसून एका कवीने ती केली होती. तासानंतर सरांना आम्ही मोडी वाचता येते असे सांगितले. ते थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी ग्रंथालयात न्यायला सुरुवात केली.

तिथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व होते, विष्णु सीताराम सुखटणकरांनी संपादिलेले, १९३३ साली पूर्ण झालेले. पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली बारीक टायपात पाठभेदांचे दाट रान. प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली होती. उभ्या-आडव्या रेघा आखलेले कागद. सर्वांत वर प्रचलित संहितेचा श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर. आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताचा भेद त्या त्या चौकटीखाली. आम्हाला आमची शंभरपानी वही आठवली. हे काम १९२५ साली सुखटणकरांच्या हाती आले. १९४३ साली ते वारले. आणि इतरांच्या हातून अठराही पर्वे १९६६ साली पुरी झाली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली, आणि रुजवातीची कामे शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चालली.

सुखटणकर स्वतः केंब्रिजला गणित शिकले होते, आणि तिथून बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतविद्येच्या अभ्यासाला गेले. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, जुनी नाणी तराजूत तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास काढत होते, आणि १९४८ साली त्यांची भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. या दोघांच्या चरित्रात ‘गणित सोडून साहित्याकडे वळले’ असे लिहिण्याची रीत आहे. आम्हाला त्या वयातही वाटले, की सोडले असे काही दिसत नाही. पुष्कळशा भिन्न वाचनांतून एकाकडे जाण्याची हाताची सवय तीच आहे. समोरची वस्तू तेवढी वेगळी. आमच्याबाबतीत सांगायचे तर पुढे शाखा बदलली, खोड तेच राहिले.

शाखा बदलण्याची गोष्ट घरी सांगितली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. राग त्यांच्या स्वभावात नव्हता, पण पुढचे काही महिने आमच्यात कामापुरतेच बोलणे राहिले. त्यांचे दुःख आम्हाला कळत होते. ज्या कामातून सोडवण्यासाठी त्यांनी पोटाला चिमटे घेतले, तेच काम आम्ही पुन्हा हौसेने निवडत होतो, आणि तेही पगाराच्या खात्रीशिवाय. त्यांनी एवढेच विचारले होते, ‘म्हणजे तुम्हीही दुसऱ्याचेच लिहीत बसणार?’ त्याला उत्तर द्यावे असे शब्द आमच्यापाशी त्या वेळी नव्हते.

उत्तर पुढे अवचित मिळाले, आणि ते दिले वडिलांनीच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांना सहज सांगत होतो, की व्यास सांगत गेले आणि गणपतीने महाभारत लिहून घेतले, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. हस्तलिखितांच्या साक्षीवरून ती मागाहून आलेली ठरल्यामुळे परिशिष्टात दिली आहे. वडील श्रद्धाळू, त्यांना हे रुचणार नाही अशी आमची अटकळ होती. ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. नकलनवीसाचे नाव मजकुरात येत नसते. ते खाली येते, सहीपुरते.’ मग त्यांनी खोदून खोदून विचारले: रुजवात कोण घेई, किती माणसे होती, मूळ कागद फाटका असला तर काय करत, दोन प्रती सारख्याच जुन्या असल्या तर कोणती धरत. त्या रात्री दोन समव्यावसायिक बोलत बसावेत तसे आम्ही उशिरापर्यंत बोलत होतो. तीस वर्षांच्या ज्या कामाला ते आपले म्हणायला तयार नव्हते, त्याला शास्त्र आहे, आणि त्यात विद्वानांची हयात जाते, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कोणी सांगितले असावे.

आता मागे पाहताना दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात. छंद आणि खोड यांत आपण फार भेद करतो. जे दाखवता येते, ज्याला प्रमाणपत्र मिळते, ज्याचे कौतुक होते, तो छंद. जे करताना मूल इतरांच्या वाटेत येते, ती खोड. माणसाची खरी ओढ यांपैकी कशात असेल, हे आधी सांगता येत नाही. तरी पुष्कळदा ती खोडीत असते, कारण खोड कौतुकावाचून, किंबहुना बोलणी खाऊनही टिकलेली असते. महानुभावांच्या जुन्या मराठीत पाठभेदाला ‘वासना’ म्हणत. एकाच लीळेच्या निरनिराळ्या आठवणी त्या नावाने नोंदवलेल्या आढळतात. आठवण, भेद आणि ओढ या तिन्ही अर्थांना एकच शब्द पुरावा, हे आम्हाला फार बोलके वाटते.

दुसरी गोष्ट महाविद्यालयाची. महाविद्यालय ओढ निर्माण करत नाही. ते तिला नाव देते, शिस्त लावते, आणि तीच खोड असलेली माणसे, हयात असलेली आणि नसलेली, भेटवते. हे थोडे नव्हे. नाव न मिळालेली ओढ बहुतेकांच्या बाबतीत तिशीपर्यंत विरून जाते. वडिलांची तशी विरली होती की काय, हे आता विचारता येणार नाही.

अलीकडे एम.ए.च्या वर्गात मुले कमी असतात. जी असतात त्यांतली बरीच ‘दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही’ म्हणून आलेली असतात, आणि आपल्याला कशाचीच आवड नाही, असे खाली मान घालून सांगतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्ज्यासाठी पुरावे म्हणून ज्या जुन्या ग्रंथांची नावे घेतली जातात, त्यांच्या पोथ्या वाचणारे, मोडीचे रुमाल सोडून बसणारे, याच वर्गांतून यायचे आहेत. अशा मुलांना आम्ही ‘तुझा छंद काय?’ असे विचारणे सोडून दिले आहे. त्या प्रश्नाला ‘वाचन’ हे एकच छापील उत्तर येते. त्याऐवजी आम्ही विचारतो, ‘लहानपणी घरी कशावरून सारखी बोलणी बसत?’ मुले आधी हसतात. मग एकीने सांगितले, की ती लग्नात पंगत सोडून नाव घेणाऱ्या बायकांमागे वही घेऊन फिरत असे. एकाने सांगितले, की एसटीच्या पाट्यांवरच्या गावांची नावे कंडक्टर कशी उच्चारतात, ते तो मोठ्याने म्हणत असे आणि त्याबद्दल त्याने मार खाल्ला आहे. पहिलीला आम्ही लोकसाहित्याच्या कपाटाकडे पाठवले आणि दुसऱ्याला बोलींच्या अभ्यासाकडे. ती दोघे त्यातच राहतील की नाही, हे सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात मात्र त्या मुलाने एक तक्ता आणून दाखवला. उभ्या रेघा त्याने हातानेच मारल्या होत्या, आणि एका गावाच्या नावापुढे तीन उच्चार लिहून ‘आणखी एक कंडक्टर विचारायचा आहे’ अशी टीप ठेवली होती.